हुजूरपागा : अकरा ते पाचची गोष्ट

साडी, सोनं आणि पार्किंग शोधत लक्ष्मी रोडवरून आपण शंभरदा गेलेलो असतो. याच रस्त्यावर मुलींची एक शाळा आहे. एकेकाळी सगळं पुणे तिच्या वेळापत्रकावरून भांडत होतं! या वीकेंडला खरेदीच्या यादीत तिलाही जागा द्या.

शनिवारची दुपार आणि लक्ष्मी रोड. यापेक्षा अवघड कॉम्बिनेशन पुण्यात शोधून सापडणार नाही. गाडी लावायला जागा नाही, फुटपाथवर पाय ठेवायला जागा नाही. ‘ताई, आत या, बघायचे पैसे नाहीत’ अशा हाका दोन्ही बाजूंनी सुरू असतात. लग्नसराईत तर नवऱ्या मुलीचं अख्खं खानदान इथे उतरलेलं असतं. या गर्दीत नारायण पेठेच्या हद्दीत एक शाळा उभी आहे. पुणेकर सवयीनं तिच्यावरून पुढे जातात. बाहेरून आलेल्यांना मात्र तिचं नाव वाचून थबकायला होतं. हुजूरपागा! हे काय नाव झालं शाळेचं?

हिंजवडीत नोकरी लागून पुण्यात आलेल्या कुणाला ते पगडीचं दुकान वाटू शकतं, कुणाला एखादा शाही पदार्थ. खरा अर्थ दोन्हींपेक्षा भारी आहे. हुजूर म्हणजे खुद्द पेशवे. पागा म्हणजे घोडदळ आणि त्या घोड्यांचे तबेले. पेशव्यांच्या स्वतःच्या दिमतीला असलेल्या घोडदळाची जागा, ती हुजूरपागा. १८१८ मध्ये पेशवाई गेली, घोडेही गेले. नाव मात्र जागेला चिकटून राहिलं. शाळेचं कागदोपत्री नाव एच. एच. सी. पी. हायस्कूल. म्हणजे हिज हायनेस चिंतामणराव पटवर्धन, सांगलीचे संस्थानिक. पण रिक्षावाल्याला हे लांबलचक नाव सांगून बघा! तो ‘हुजूरपागा का?’ असंच विचारेल.

पूर्वी जिथे घोडे बांधले जायचे, तिथे १८८०च्या दशकात मुली शिकायला बसल्या. नुसता ‘अ आ इ’ गिरवायला नाही, तर हायस्कूलचं शिक्षण घ्यायला. इंग्रजी, गणित असं सगळं. मुलींच्या सर्वांत जुन्या मराठी हायस्कूलांची यादी केली, तर हुजूरपागेचं नाव पहिल्या काहींमध्ये येतं. आज आपल्याला यात विशेष काय ते कळणार नाही. कळायचं असेल तर थोडं चालावं लागेल. बूट घाला, पाण्याची बाटली घ्या, चला.

सुरुवात भिडे वाड्यापासून

दगडूशेठ गणपतीच्या समोर, बुधवार पेठेत भिडे वाडा होता. ‘होता’ म्हणायचं, कारण पडायला आलेली ती इमारत डिसेंबर २०२३ मध्ये उतरवली गेली. जागेचा वाद वर्षानुवर्षं कोर्टात अडकला होता. तो सुप्रीम कोर्टात सुटला आणि तिथे राष्ट्रीय स्मारक उभारायचं काम मार्गी लागलं. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली ती याच वाड्यात. सावित्रीबाईंनी काय काय सोसलं, ते आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेलं आहे.

भिडे वाडा ते हुजूरपागा हे अंतर पायी पंधरा-वीस मिनिटांचं. पण पुण्याच्या मुलींना ते कापायला ३६ वर्षं लागली! फुल्यांची शाळा १८४८ची आणि हुजूरपागा १८८४ची. मधल्या काळात मुलींच्या शाळा निघाल्या नाहीत असं नाही. निघाल्या, पण त्या बहुतेक प्राथमिक. चार इयत्ता झाल्या की मुलगी घरी.

असं का? उत्तर लग्नाच्या वयात आहे. त्या काळी आठ-दहा वर्षांच्या मुलीचं लग्न होणं ही रोजची गोष्ट होती. किती रोजची? संमतिवयाचा कायदा १८९१ मध्ये आला, तेव्हा वयाची मर्यादा १० वरून १२ वर नेण्यासाठी देशभर रणकंदन झालं. मुलीच्या लग्नाचं वय १४ ठरवणारा शारदा कायदा यायला १९२९ साल उजाडलं. आता हिशेब करा. प्राथमिक शाळा संपते दहा-अकराव्या वर्षी. हायस्कूल म्हणजे त्यापुढची पाच-सहा वर्षं. म्हणजे मुलींसाठी हायस्कूल काढणं हा नुसता शाळेचा प्रश्न नव्हताच. लग्न झालेली, सासरी जायच्या वयाची मुलगी दिवसभर घराबाहेर राहणार, तीही पुस्तक घेऊन! त्या वेळच्या पुण्याला हे पचणं सोपं नव्हतं.

हिराबागेतलं भाषण

या गोष्टीत एक जबरदस्त सीन आहे. तो घडला हिराबागेत. आज टिळक रोडवरून जाताना हिराबागेचा चौक लागतो. तिथला टाउन हॉल तेव्हा पुण्यातल्या सार्वजनिक सभांचा अड्डा होता. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन तिथे आले. हो, तेच. पुढच्याच वर्षी निघालेल्या कॉलेजला ज्यांचं नाव मिळालं आणि आज ज्यांच्या नावाच्या रस्त्यावर आपण कॉफी पितो ते. मुलींसाठी हायस्कूल काढायला सरकारनं मदत करावी, अशी मागणी त्यांच्यापुढे मांडायची होती.

मागणीचं इंग्रजी निवेदन वाचायला एक बाई उभी राहिली. वय २२. नाव रमाबाई रानडे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची पत्नी.

रमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. लिहायला-वाचायला शिकवलं ते नवऱ्यानं, लग्नानंतर. घरातल्या मोठ्या बायकांना हे अजिबात पसंत नव्हतं. आणि आता तीच सून भरसभेत, साहेबापुढे, इंग्रजीत वाचत होती! सभेत कौतुक झालं. घरी आल्यावर काय वाट्याला आलं ते त्यांनी स्वतःच १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या पुस्तकात लिहून ठेवलंय. थोडक्यात सांगायचं तर टोमणे, टोमणे आणि टोमणे. आजच्या भाषेत, बाहेर प्रेझेंटेशन हिट आणि घरी फुल टू अबोला.

या जोडप्याची गोष्ट गुळगुळीत करून सांगू नये. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी पहिल्या पत्नीच्या निधनानंतर वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवली आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. त्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली, आजही होते. रमाबाईंनी मात्र मिळालेल्या शिक्षणाचं सोनं केलं. १९०९ मध्ये त्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं. तुम्ही लक्ष्मी रोडवर आहात ना? मग सेवासदन चौक तुम्हाला लागणारच. ज्या बाईनं मुलींच्या हायस्कूलसाठी भाषण वाचलं, तिचं काम आणि ते हायस्कूल आज एकाच रस्त्यावर आहेत.

शाळेमागची टीमही बघण्यासारखी होती. स्वतः न्यायमूर्ती रानडे. संस्कृतचे जगप्रसिद्ध पंडित डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, ज्यांच्या नावाची संस्था १९१७ पासून पुण्यात आहे. शिक्षणक्षेत्रातले वामन आबाजी मोडक. वैदिक ग्रंथांचे आणि तुकारामांच्या गाथेचे संपादन करणारे शंकर पांडुरंग पंडित. म्हणजे बघा, ज्यांनी वेद, पुराणं, शास्त्रं कोळून प्यायली होती, तीच माणसं मुलींना हायस्कूलात पाठवा म्हणत होती. ‘आपल्या धर्मात हे बसत नाही’ असं त्यांच्या तोंडावर सांगणं विरोधकांना तितकंसं सोपं नव्हतं!

वाद कशावर? घड्याळावर!

पुण्यात वेळेवरून वाद व्हावेत यात नवल नाही. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्याची चितळ्यांची सवय २०१७ मध्ये मोडली, तर ती बातमी झाली. पण हुजूरपागेच्या वेळेवरून झालेला वाद गमतीचा नव्हता.

शाळेची वेळ होती सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच. मुलांच्या शाळांना असते तशीच. आक्षेप घेतला बाळ गंगाधर टिळकांनी. टिळक तेव्हा तिशीच्या आतबाहेर होते. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढणाऱ्यांपैकी ते एक. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ १८८१ पासून सुरू झाले होते. म्हणजे स्वतः शाळा काढलेला माणूस. पण मुलींच्या हायस्कूलबद्दल ‘मराठा’मधून आलेली भूमिका वेगळी होती. अकरा ते पाच मुलगी शाळेत राहिली तर घरकाम कधी शिकणार आणि कधी करणार? शाळा सकाळी किंवा दुपारी, तीनेक तास असावी. इंग्रजी, गणित, विज्ञान यांचा भार मुलींवर नको. मातृभाषा, नीतिधर्म, शिवणकाम असं घराला उपयोगी पडेल ते शिकवा.

नीट वाचलं तर लक्षात येतं की भांडण ‘मुलींनी शिकावं की नाही’ एवढ्यापुरतं राहिलं नव्हतं. ते एक पायरी पुढे गेलं होतं. शिकू दे की, पण घरातलं आवरून. शिकू दे, पण उरलेल्या वेळात. ओळखीचं वाटतंय का हे वाक्य? ‘नोकरी कर, आमची काही हरकत नाही, फक्त घराकडे दुर्लक्ष नको.’ लग्न ठरवताना चहा-पोह्यांच्या कार्यक्रमात आजही हे ऐकू येतं.

टिळकांचे एकेकाळचे जिवलग मित्र गोपाळ गणेश आगरकर विरुद्ध बाजूला होते. १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ सुरू केलं आणि त्यातून थेट मांडलं की स्त्री-पुरुषांना एकच शिक्षण द्यावं आणि तेही एकत्र द्यावं. आजही काही घरांत हे वाक्य उच्चारलं तर जेवणाच्या टेबलावर शांतता पसरेल. आगरकर ते जवळजवळ १४० वर्षांपूर्वी छापत होते.

मुलीचा दिवस कुणाच्या मालकीचा, एवढाच खरा प्रश्न होता. मुलगा शाळेत जातो तेव्हा त्याचा दिवस त्याचा असतो. मुलीचा दिवस घराचा. त्यातून दोन-तीन तास उसने मिळाले तर तिनं शिकावं. हुजूरपागेनं मुलींना शाळेचा पूर्ण दिवस देऊ केला. तो दिवस देणं ही त्या शाळेची सगळ्यात मोठी कामगिरी, असं मला वाटतं. त्या काळी ही चैन होती.

फिरता फिरता हुजूरपागेतून केळकर रस्त्याकडे वळलात, तर त्याच नारायण पेठेत केसरी वाडा लागतो. हा गायकवाड वाडा टिळकांनी १९०५ मध्ये घेतला. वाद घालणारे आणि ज्यांच्यावर वाद झाला ते, असे एकाच पेठेत पाच-सात मिनिटांच्या अंतरावर. पुण्याची हीच तर खासियत. इथे भांडायला लांब जावं लागत नाही!

सात वर्षांची मुलगी, ब्रह्मदेशातून

आता या दिवसभराच्या शाळेतून काय निघालं ते बघू.

१९१२ च्या सुमारास ब्रह्मदेशातून, म्हणजे आजच्या म्यानमारमधून, सात वर्षांची एक मुलगी हुजूरपागेच्या वसतिगृहात आली. तिचे वडील तिकडे नोकरीला होते. जन्म म्यिंजानचा, आणि नाव तिकडच्या नदीवरून ठेवलेलं. इरावती. सात वर्षांच्या मुलीला एवढ्या लांब शिकायला ठेवणारे आई-वडील त्या काळी किती असतील? आणि ठेवायला वसतिगृहासकट मुलींची शाळा तरी किती ठिकाणी होती?

शाळेत तिला मैत्रीण मिळाली शकुंतला परांजपे. फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य रँग्लर परांजपे यांची मुलगी. परांजप्यांच्या घरानं इरावतीला आपल्याच मुलीसारखं वाढवलं. पुढे ही इरावती म्हणजे इरावती कर्वे. महर्षी कर्व्यांची सून, १९३० मध्ये बर्लिनहून डॉक्टरेट मिळवणारी मानवशास्त्रज्ञ आणि ‘युगान्त’ची लेखिका. महाभारतातल्या माणसांकडे माणसं म्हणून बघणाऱ्या या पुस्तकाला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या आणि पुण्याच्या रस्त्यांवरून स्कूटर चालवणाऱ्या इरावतीबाई ही शहराची एक आख्यायिकाच आहे. आज सिग्नलला तोंडाला स्कार्फ बांधून उभ्या असलेल्या स्कूटरवाल्या मुलींची ती पणजी म्हणायला हरकत नाही.

आणि शकुंतलाबाई? त्या केंब्रिजला जाऊन गणित शिकल्या. हो, तेच गणित, ज्याचा भार मुलींवर टाकू नये असं म्हटलं गेलं होतं. परत आल्यावर त्यांनी कुटुंबनियोजनाचं काम हाती घेतलं. हा शब्द उच्चारतानाही लोक इकडेतिकडे बघायचे, तो तो काळ. १९६४ ते १९७० त्या राज्यसभेच्या नियुक्त सदस्य होत्या. १९९१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. सिनेदिग्दर्शक सई परांजपे यांची ही आई. ‘चश्मेबद्दूर’मधला खट्याळपणा कुठून आला असेल याचा अंदाज बांधायला हरकत नाही.

तिसरं नाव तर तुमच्या मोबाइलच्या प्लेलिस्टमध्ये आजही असेल. शान्ता शेळके. १९२२ मध्ये इंदापूरला जन्म, हायस्कूल हुजूरपागेत, पुढे एस. पी. कॉलेज. कविता, अनुवाद, कथा, ललित लेखन, चित्रपटगीतं, कोळीगीतं, सगळीकडे त्यांचा सहज वावर. चित्रपटासाठी त्यांनी ‘डॉ. वसंत अवसरे’ या पुरुषी टोपणनावानंही गाणी लिहिली. १९९६ मध्ये आळंदीच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. २००२ मध्ये त्या गेल्या, पण एखादं लग्न, एखादी मैफल, एखादा रेडिओ चॅनेल त्यांच्या ओळींशिवाय सरत नाही.

आणि पुन्हा गृहशास्त्र

इथे थांबलो असतो तर हे एक छान, गोड, यशाच्या यादीचं कौतुक झालं असतं. पण गोष्टीत एक वळण आहे. ते सांगितलं नाही तर शाळेवर अन्याय होईल.

१९५२ मध्ये पुण्यात जन्मलेली रोहिणी गोडबोले हुजूरपागेतच शिकली. पुढे एस. पी. कॉलेज, आयआयटी मुंबई, अमेरिकेत डॉक्टरेट आणि मग बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कणभौतिकीची प्राध्यापक. कणांच्या टकरींमधला एक परिणाम त्यांच्या नावानं ओळखला जातो, ‘ड्रीस-गोडबोले परिणाम’. २०१९ मध्ये पद्मश्री. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी त्यांचं निधन झालं, तेव्हा जगभरच्या भौतिकशास्त्रज्ञांनी हळहळ व्यक्त केली.

या रोहिणीताईंनी आपल्या शाळेबद्दल काय सांगून ठेवलंय? सातवीपर्यंत आम्हाला विज्ञान असं नव्हतंच, मुलींना गृहशास्त्र होतं. बघा, ज्या मुद्द्यावर १८८०च्या दशकात एवढं रान उठलं, तो मुद्दा १९६०च्या दशकात मागच्या दारानं वर्गात येऊन बसलेला होता! टीका कुणी करत नव्हतं, मोर्चा कुणी काढत नव्हतं. अभ्यासक्रमात एक विषय होता, दुसरा नव्हता, इतकंच. मुलींना काय लागणार, हे कुणीतरी परस्पर ठरवून टाकलं होतं.

पण त्याच शाळेत दुसरंही काहीतरी होतं. सातवीच्या स्कॉलरशिपच्या परीक्षेला विज्ञान लागायचं. मग शाळेतल्या बाईंच्या मदतीनं वर्गाबाहेर विज्ञानाचा अभ्यास झाला आणि रोहिणीला ती स्कॉलरशिप मिळाली. त्या शाळेतून ती मिळवणारी ती पहिली. वेळापत्रकात नसलेला विषय शिकवण्यासाठी स्वतःचा वेळ काढणारी शिक्षिका आणि तो शिकायला थांबलेली मुलगी. एखाद्या शाळेची थोरवी मोजायची तर मला वाटतं या जागी मोजावी. मेरिट लिस्टमध्ये, स्नेहसंमेलनाच्या पाहुण्यांमध्ये ती इतकी स्पष्ट दिसत नाही.

रोहिणीताईंनी हे ऋण वेगळ्या पद्धतीनं फेडलं. भारतीय स्त्री-वैज्ञानिकांच्या आत्मकथनांचं ‘लीलावतीज डॉटर्स’ हे पुस्तक त्यांनी रामकृष्ण रामस्वामींबरोबर संपादित केलं. ते २००८ मध्ये आलं. लीलावती म्हणजे भास्कराचार्यांच्या गणितग्रंथातली, परंपरेनं त्यांची मुलगी मानली गेलेली. विज्ञानातल्या बायकांना वेळ, जागा आणि संधी का मिळत नाही, हा विषय त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

सगळ्या मुली होत्या का?

अजून एक गोष्ट बोलायला हवी. हुजूरपागा उभी राहिली ती पेठांमधल्या सुधारक, बहुतेक उच्चवर्णीय घरांच्या आधारावर. पहिल्या मुलीही प्रामुख्यानं त्याच घरांतल्या. शाळा निघण्याच्या दोनच वर्षं आधी, १८८२ मध्ये, जोतिराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे लेखी निवेदन दिलं होतं. त्यांचं म्हणणं रोखठोक होतं. सरकारची तिजोरी भरते शेतकऱ्यांच्या घामावर आणि पैसा खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. आधी सगळ्यांना निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा.

म्हणजे भिडे वाड्यापासून हुजूरपागेपर्यंतचा रस्ता आपण चाललो तितका सरळ नाही. एका टोकाला ‘सगळ्यांना थोडं तरी’ म्हणणारा माणूस होता, दुसऱ्या टोकाला ‘काहींना पूर्ण मिळालं तर वाट तरी पडेल’ म्हणणारी मंडळी. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं होतं आणि दोन्ही कामं अजून पूर्ण झालेली नाहीत. हे लक्षात ठेवून शाळेचं कौतुक केलं तर ते जास्त टिकाऊ होतं.

आजची पागा

जुन्या पुण्याची माणसं कोथरूड, सिंहगड रोड, पिंपरी-चिंचवड अशी चहूकडे पसरली. पेठांत वाड्यांच्या जागी ऑफिसं आणि गोदामं आली. मुलांच्या गळ्यात इंग्रजी माध्यमाचे टाय आले. पेठेतल्या मराठी शाळांपुढे आता टिळक-आगरकर वादापेक्षा वेगळा प्रश्न आहे. मुली येणार कुठून? हुजूरपागेच्या संस्थेनं, म्हणजे महाराष्ट्र गर्ल्स एज्युकेशन सोसायटीनं, काळाबरोबर हातपाय पसरले. कात्रजला शाळा काढली, मुलींसाठी वाणिज्य महाविद्यालय काढलं. पण लक्ष्मी रोडवरच्या मूळ शाळेचं महत्त्व तिच्या मराठीपणात आणि तिच्या जागेत आहे. शहराच्या मधोमध, सगळ्यात महागड्या बाजारात, चौरस फुटांचे भाव छाती दडपून टाकणाऱ्या ठिकाणी, एवढी जागा आजही मुलींना शिकायला राखून ठेवलेली आहे. बिल्डरच्या नजरेनं बघितलं तर हा वेडेपणा. आपल्या नजरेनं बघितलं तर शहराची श्रीमंती.

आता थोडं आपल्याकडे वळू. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये देशभर पाहणी केली, लोक दिवसाचे २४ तास कुठे घालवतात याची. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यावर जाणारा वेळ सरासरी २८९ मिनिटं. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषांचीही नऊ! २८९ मिनिटं म्हणजे पावणेपाच तासांहून जास्त. हुजूरपागेचा अकरा ते पाचचा दिवस होता सहा तासांचा.

तेव्हा पुढच्या वेळी मीटिंग सात वाजता लावली म्हणून एखादी सहकारी अस्वस्थ होऊन घड्याळ बघताना दिसली, तर ‘हिला सिरियसनेस नाही’ असं म्हणण्याआधी थोडं थांबा. घरात बायको, बहीण किंवा आई परीक्षेला, क्लासला, नुसतं वाचायला बसली असेल, तर कुकरच्या शिट्ट्या तुम्ही मोजा. तिला वेळ ‘काढून देणं’ हा शब्दप्रयोगच मुळात गडबडीचा आहे. वेळ तिचाच आहे.

जायचं कसं?

गाडी घरी ठेवा. २९ सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो जमिनीखालून थेट मंडईपर्यंत येते. मंडईला उतरा, दगडूशेठचं दर्शन घ्या, समोर भिडे वाड्याची जागा बघा. तिथून बेलबाग चौकात येऊन लक्ष्मी रोडनं पश्चिमेला चालू लागा. वाटेत सेवासदन, पुढे नारायण पेठेत हुजूरपागा, तिथून आत वळून केसरी वाडा. घाई न करता दोन तास पुरतात.

शाळा चालू असते, ते म्युझियम नाही. आत डोकावण्याचा, मुलींचे फोटो काढण्याचा आगाऊपणा करू नका. बाहेरून बघा, नावाची पाटी वाचा. शाळेतून शिकलेली एखादी आजी, मावशी ओळखीत असेल तर तिला बरोबर घ्या. तिच्याकडे तुम्हाला पुरून उरतील एवढ्या गोष्टी निघतील.

गर्दी नकोच असेल तर ११ डिसेंबर गाठा. पुणे महापालिका २०२१ पासून या दिवशी लक्ष्मी रोडचा काही भाग वाहनांना बंद करून पादचाऱ्यांसाठी मोकळा ठेवत आली आहे. बंदोबस्ताचे तपशील आधी पेपरात बघून घ्या. गणपती विसर्जनाच्या दिवशी मात्र या फेरीचा विचारही करू नका, त्या दिवशी हा रस्ता फक्त ढोल-ताशांचा!

आणि हो, वाटेत भाकरवडी घ्यायला विसरू नका. आता दुपारीही मिळते.